पाहुणी होण्याआधीचा उन्हाळा

खानदेशात उन्हाळा ही सुट्टी नसते. शाळेच्या वेळापत्रकात ती सुट्टी असेल, घराच्या वेळापत्रकात तो वर्षातला सगळ्यात दाट कामाचा हंगाम आहे. होळी झाली की गच्चीवर खाटा चढतात. पापड-कुरडया कुणाकडे कधी करायच्या याची बोलणी गल्लीत सुरू होतात. वर्षाचे गहू भरायचे असतात, मिरच्या वाळवून तिखट करून आणायचं असतं, शेतात नांगरटी, नात्यात लग्नं आणि मध्येच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. भुसावळ-जळगावकडे पारा 45च्या आसपास जातो, दुपारी रस्ते ओस पडतात. पण पहाटेपासून नऊपर्यंत आणि पुन्हा ऊन उतरल्यावर जेवढं काम उरकतं, तेवढं थंडीतसुद्धा होत नाही.

या सगळ्यातून घरातल्या एकाच माणसाला माफी असते, ती बारावीच्या पोराला किंवा पोरीला. ‘तिला उठवू नका, रात्री उशिरापर्यंत वाचत होती.’ ‘त्याला लग्नाला नेऊ नका, क्लास बुडेल.’ अकरावी-बारावीची दोन वर्षं ते लेकरू घरात असतं आणि नसतंही. ताट खोलीत जातं, पाहुणे आले तर दार लोटलेलं राहतं. आईबाप हे मायेने करतात. पण त्या दोन वर्षांत घर कसं चालतं हे त्या मुलाला कुणी दाखवत नाही, आणि बारावी संपली की ते जळगावला, नाशिकला, पुण्याला निघून जातं. पुढे येतं ते दिवाळीला, चार दिवस, पाहुण्यासारखं.

माझं तसंच झालं. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावातून मी नव्वदच्या दशकात पुण्याला गेले. त्यानंतर घरी गेले की आई कपाटातली चांगली ताटं काढते, मला पोळ्या लाटू देत नाही, ‘बस गं, दमून आलीस’ म्हणते. त्यात प्रेमच आहे. पण त्या घरात मोठं माणूस म्हणून मी राहिले ती बारावीच्या परीक्षेपासून कॉलेज उघडेपर्यंतच. तेवढा एक उन्हाळा. आज माझी भाची बारावी झाली आहे आणि सगळे तिला विचारताहेत की सुट्टीत काय करणार. म्हणून हे मनापासून लिहिते आहे. हा उन्हाळा घरच्या कारभारात घालवावा. लेकरू म्हणून नव्हे, जबाबदार माणूस म्हणून.

भाचीपुढे इतरांनी मांडलेली यादी मोठी आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा फाउंडेशन क्लास आत्ताच लाव, स्पोकन इंग्लिश कर, कोडिंग शीक, जिम लाव, गाडीचं लायसन्स काढ. यातलं लायसन्स जरूर काढावं. अठरा पूर्ण झाली असतील तर या दिवसांइतका निवांत वेळ पुन्हा मिळत नाही. पण जे कॉलेजात शिकवणारच आहेत, त्यासाठी पुन्हा क्लासची फी भरून त्याच बाकावर बसणं मला पटत नाही. दोन वर्षं तेच केलं ना?

शिवाय ही सुट्टी वाटते तेवढी मोकळी नसते. लेखी परीक्षा मार्चमध्ये संपते, पण सीईटी एप्रिल-मेपर्यंत ताणते, वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ सहसा मेच्या पहिल्या रविवारी असते. निकाल मेमध्ये, 2024 साली तो 21 तारखेला लागला, 2025 साली 5 तारखेला. मग कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या. अभियांत्रिकीचे वर्ग भरायला ऑगस्ट उजाडतो, कधी त्याहूनही उशीर होतो. बीए-बीएस्सीवाल्यांचं कॉलेज त्याआधीच सुरू झालेलं असतं. म्हणजे प्रत्येकाचा उन्हाळा वेगळ्या मापाचा आहे, आणि त्याच्या मधोमध निकालाची धाकधूक बसलेली असते. अशा वेळी हाताला काम असलेलं बरं. धाकधुकीवर मला दुसरं औषध ठाऊक नाही.

बिबड्यांचंच, म्हणजे ज्वारीच्या पापडांचंच बघा. विकतचे मिळतात, कुरिअरने पुण्यालाही येतात. पण घरी करतात तो दिवस बघण्यासारखा असतो. ज्वारी आधीच भिजवून, आंबवून, वाळवून दळून आणलेली असते. पहाटे अंधारातच अंगणात चूल पेटते. मोठ्या पातेल्यात पाणी उकळतं, त्यात मीठ, तीळ, जिरं, लसूण पडतो आणि मग एक जण पीठ सोडते, दुसरी लाकडी दांड्याने घोटत राहते. गुठळी होऊ द्यायची नाही. घोटणारीचे दंड भरून येतात, तेव्हा न सांगता तिसरी पुढे होते. उकड शिजली की गरम असतानाच पाण्यात हात बुडवून ओल्या फडक्यावर गोल थापायची आणि ते फडकं गच्चीवर पसरलेल्या जुन्या पातळावर पालथं घालायचं. पाण्याचा हात कमी पडला तर चटका, जास्त झाला तर बिबडा फाटतो. संध्याकाळी पातळ उलटं करून मागून पाणी शिंपडायचं, की वाळलेला बिबडा आपोआप सुटतो. आणि या सगळ्यात पोरांचा हक्क म्हणजे वाटीभर गरम उकड, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल.

माझ्या त्या उन्हाळ्यात एका पहाटे मी घोटायला बसले होते, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘आठे बठ, आन दख.’ इथे बस आणि बघ. एवढीच शिकवण. पण त्या बायका कामाची वाटणी कशी करतात, कोण कुणाकडे आधी जायचं हे कसं ठरतं, ज्या घरी या वर्षी माणूस गेलंय तिथलं काम बाकीच्या कशा उरकून देतात, हे बसल्याशिवाय दिसत नाही. होस्टेलवर चार अनोळखी मुली एका खोलीत येतात, पाणी दोनच तास असतं, एकीला ताप येतो, तेव्हा हे शहाणपण उपयोगी पडतं. ते मी क्लासमधून शिकले नाही, त्या अंगणात शिकले.

मुलग्यांनाही हेच सांगेन, आणि जरा जोर देऊन. भाकरी थापता आली नाही तरी चालेल. वरण-भात, खिचडी, कणीक मळणं, स्वतःची भांडी आणि कपडे एवढं जुलैच्या आत यायलाच हवं. आयांनो, त्याला उठवा.

आखाजी या उन्हाळ्यात येते हा तर मोठा योग. बाकी महाराष्ट्राला अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं आणि आमरस. आपल्याकडे तो लेकींचा सण आहे, दिवाळीपेक्षा मोठा. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाला झोके बांधले जातात, पितरांसाठी घागर पुजली जाते, खापरावरचे मांडे होतात. आणि शेतीचं वर्षही इथेच पालटतं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं साल आखाजीला संपतं, हिशोब होतो, नवं साल ठरतं. आपल्या पूर्वजांनी जुन्या वर्षाचा हिशोब चुकता करून नवं सुरू करायला भर उन्हाळा निवडला. तापलेली जमीन, रिकामी शेतं, पाऊस अजून लांब. घर सोडून निघणाऱ्या मुलाला याहून योग्य मुहूर्त सापडणार नाही.

झोक्यावरची गाणी आता साठीच्या पुढच्या बायकांनाच पुरती येतात. पोरी दोन ओळी म्हणतात आणि मोबाईलवर पुढचं लावतात. म्हणून माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं असं, की या सुट्टीत आजीजवळ बसा आणि तिची गाणी, तिच्या माहेरच्या गोष्टी, तिचे हिशोब, तिच्या शिव्यासुद्धा उतरवून घ्या. फोनवर रेकॉर्ड करा, पण वहीतही लिहा. लिहिताना थांबावं लागतं, ‘आजी, म्हणजे काय?’ असं विचारावं लागतं, आणि त्या विचारण्यातूनच खरी गोष्ट बाहेर येते.

हे काम किरकोळ वाटत असेल तर खानदेशाकडेच बघा. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नव्हत्या. घरकाम आणि शेतकाम करता करता त्यांनी म्हटलेल्या ओव्या त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरातल्याच एका नातलगाने लिहून ठेवल्या म्हणून राहिल्या. 1951 साली बहिणाबाई गेल्या आणि 1952 साली पुस्तक आलं. पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. दुसरी गोष्ट धुळ्याची. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय. धुळ्याचा एप्रिल आणि मे ज्याने काढला आहे त्याला ते रविवार कसे असतील ते कळेल. साने गुरुजी तेव्हा त्याच तुरुंगात होते. त्याआधी ते अमळनेरला शाळेत शिकवत असत. त्यांनी ती प्रवचनं बोलता बोलता टिपून घेतली. ‘गीता प्रवचने’ आज इतक्या भाषांत वाचली जातात ती त्या टिपणांमुळे. कुणीतरी बोललं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच कुणीतरी जवळ बसून लिहून घेतलं हेही. विद्यापीठात पहिल्या आठवड्यापासून नोट्स घ्यायच्याच आहेत. हात आजीपासून वळवावा.

आता पैशाविषयी. आपल्याकडे मुलांना घरातला पैसा सांगत नाहीत. ‘तू शीक, पैशाचं आम्ही बघतो.’ हे वाक्य ऐकायला किती गोड, पण त्याने मूल आंधळं राहतं. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, त्या उन्हाळ्यात एका रात्री अंगणातल्या खाटेवर बसून मला त्यांची वही दाखवली. कापूस किती क्विंटल झाला, कोणत्या भावाने गेला, बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, सोसायटीचं कर्ज, आणि खाली उरलेला आकडा. मग त्यांनी माझ्या होस्टेलची फी त्या आकड्याखाली लिहिली. काही बोलले नाहीत. पुण्यात मैत्रिणी हॉटेलात जायच्या तेव्हा मला वाईट वाटलं नाही, लाजही वाटली नाही. आमच्या घरातला आकडा मला माहीत होता आणि त्यात माझा वाटा किती आहे हेही. यावल-रावेरकडच्या मुलांना केळीचं गणित ठाऊक असायला हवं. मे-जूनमधलं एक वादळ उभी बाग आडवी करतं, आणि त्याच महिन्यात कॉलेजची फी भरायची तारीख येते. आईबापांनी हे मोकळेपणी सांगावं. अठरा वर्षांचं मूल हे ऐकून खचत नाही.

त्याच बैठकीत आपल्या शेताचा सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा, काढून वाचावा. आता तो ऑनलाइन मिळतो. वरचा गाव नमुना सात जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगतो, खालचा बारा त्यात काय पेरलं ते. बोजा कोणत्या बँकेचा, विहीर कुणाच्या वाट्याची, आजोबांनंतर कुणाची नावं लागली, सगळं त्या कागदावर आहे. मुलींनी तर जरूर वाचावा. 2005च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू कुटुंबातल्या मुलीचा मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. पुढे कधी हक्कसोड पत्रावर सही मागितली जाईल तेव्हा आपण काय सोडतो आहोत, हे निदान माहीत असावं.

दाखल्यांचं काम मुलाने स्वतः करावं असं मी म्हणते तेव्हा घरचे घाबरतात. ‘त्याला काय कळतं, काका जाऊन येतील.’ नको. उत्पन्नाचा दाखला, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, शाळा सोडल्याचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं: यातला एक कमी पडला तरी कॅपच्या फेरीत जागा हातची जाऊ शकते. भाचीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एक तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने निघालं, एका काना-मात्रेचा फरक. खिडकीवरच्या माणसाने अर्ज परत केला आणि काय करायचं ते सांगितलंही नाही. ती दोन दिवस रडकुंडीला आली. मग तिनेच विचारत विचारत प्रतिज्ञापत्र केलं, पुन्हा रांगेत उभी राहिली आणि दाखला घेऊन आली. महाराष्ट्रात 2015पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरलेलं असतं आणि कार्यालयात फलकावर लावावं लागतं. तो फलक वाचायचा, पावती जपून ठेवायची, मुदत उलटली तर कायद्याचं नाव घेऊन अपील करायचं.

मुलींच्या घरच्यांसाठी आणखी एक गोष्ट. 2024-25पासून ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी (इतर मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. ‘मुलीला एवढा खर्च कशाला’ म्हणणाऱ्या काका-मामांपुढे हे शांतपणे ठेवावं.

आणि खानदेश बघावा. आपण वेरूळ-अजिंठा सहलीत बघतो, पण आपल्याच भागात काय आहे हे पुण्यात गेल्यावर दुसऱ्याकडून ऐकतो. अमळनेरला 1916 साली तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी संस्था निघाली होती. इतिहासाचार्य राजवाडे 1926च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात जुनी कागदपत्रं सांभाळून आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर योगी चांगदेवाचं देऊळ आहे. मुलींना आणि बायकांना 2023पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. सकाळच्या पहिल्या गाडीने निघावं, ऊन चढायच्या आत बघून सावलीला बसावं.

एकच ठिकाण निवडायचं झालं तर मी चाळीसगावजवळचं पाटण निवडेन. पाटणादेवीला नवस फेडायला सगळे जातात. तिथल्या शिलालेखाकडे थोडेच बघतात. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांचं नाव आपल्याला ‘लीलावती’मुळे ठाऊक असतं, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ 1150 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुरा केला. त्यांच्या नातवाचं नावही चांगदेव, पण हा ज्योतिषी, संगमावरच्या योग्याशी त्याचा संबंध नाही. त्याने तेराव्या शतकाच्या आरंभी पाटणला मठ काढला, आजोबांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी, त्या डोंगराच्या पायथ्याशी, गणित आणि ज्योतिष शिकायचं महाविद्यालय होतं. त्या लेखात शेवटी त्या काळच्या मराठीत नोंद आहे की पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचा राजाकडे जाणारा कर या मठाला दिला. बाजारात माल घेणाऱ्या साध्या माणसाच्या पैशावर पोरं गणित शिकत होती! खानदेशातून शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलाने हे एकदा डोळ्यांनी बघावं. ‘आम्ही मागास भागातले’ हे वाक्य तोंडी आपसूक येतं, ते मग येत नाही.

दुपारचं काय? दुपारी झोपावं. खरंच. फरशीवर पाणी मारून, खिडकीला ओली चादर लावून, कूलरच्या आवाजात झोपावं. दोन वर्षांची झोप साठली आहे. जाग आल्यावर वाचावं, पण अभ्यासाचं नव्हे. गावच्या वाचनालयात जी धूळ खात पडलेली पुस्तकं असतात त्यांतलं जाडजूड, आपल्याला झेपणार नाही असं वाटणारं एक घ्यावं आणि पुरं करावं. कादंबरी असो, चरित्र असो. इंग्रजीची भीती असेल तर रोज एक पान मोठ्याने वाचावं. भीती बहुतेक आवाजाची असते, भाषेची कमी.

हे सगळं बाहेरगावी जाणाऱ्यांसाठीच आहे असं नाही. आपल्याकडची कितीतरी मुलं घरूनच अपडाउन करतात. चाळीसगावहून, पाचोऱ्याहून, भुसावळहून सकाळची गाडी धरून जळगावला जायचं, संध्याकाळी परत. त्यांना वाटतं आपलं काही बदलत नाही, तेच घर, तीच खोली. त्यांनी तर हा उन्हाळा आणखी जपून वापरावा. घरातली जागा बदलून घ्यायची असेल, लेकरू म्हणून नव्हे तर सल्ला विचारावा असं माणूस म्हणून, तर ते आत्ताच होतं. एकदा सकाळी सहाची गाडी आणि रात्री आठचं जेवण सुरू झालं की घरच्यांशी नीट बोलायला सवड राहत नाही.

भाचीचं अजून कुठलं कॉलेज ते ठरायचं आहे. फाउंडेशन क्लास तिने लावला नाही. ताईला ते अजून पटलेलं नाही, आणि त्यावरून आमचं दोघींचं फोनवर वाजलंही. पण दाखल्यांची ती वाट तिला आता पाठ झाली आहे. गल्लीतल्या दहावी झालेल्या मुली संध्याकाळी तिच्याकडे आपापले कागद घेऊन येतात. कोणाच्या नावात काना-मात्रा चुकली आहे ते ती आधीच शोधून ठेवते. परवा एकीच्या वडिलांना तिने ठणकावून सांगितलं, ‘काका, तुम्ही नका जाऊ, तिलाच पाठवा.’